वन्संचा दोर

खोटं. साफ खोटं. सभागृहात उभी राहून मी एवढंच म्हणाले, तर व्यासपीठावर बोलणारा तो तरुण मुलगा दचकून माइकपासून मागे सरला आणि शेजारच्या बाईने माझा पदर ओढून मला खाली बसवलं. "आजी, बसा, चक्कर येईल." चक्कर कसली येतेय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

कार्यक्रम जुन्या गिर्यारोहकांच्या आठवणींचा होता. तो मुलगा यमुना सावे या बाईंबद्दल बोलत होता. "त्यांना निसर्गाचीच देणगी होती. हलकं अंग, लहान मुलीसारखी बारीक बोटं. त्या कातळावर चढण्यासाठीच जन्मल्या होत्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या पोराचा काही दोष नाही. हे सगळं घडलं तेव्हा तो जन्मलाही नव्हता, त्याने ऐकलं तेच सांगितलं. पण ही कंडी मुळात कोणी पिकवली ते मला ठाऊक आहे, आणि इतकी वर्षं मी गप्प बसले हे फार झालं.

यमुना सावे माझी थोरली नणंद. मी त्यांना वन्सं म्हणायची. माझं लग्न होऊन मी अंबरनाथला आले तेव्हा देशाला स्वातंत्र्य मिळून फार दिवस झाले नव्हते. आमचे हे कारखान्यात लागलेले, आणि वन्सं उल्हासनगरला चार नंबरच्या कॅम्पात मुलींच्या शाळेत मराठी आणि कवायत शिकवायच्या. त्या वेळी उल्हासनगर म्हणजे सगळ्या लष्करी बराकी, आणि सिंधमधून घरदार टाकून आलेली माणसं एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून राहत होती. वन्सं रोज अंबरनाथहून तिथे चालत जायच्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, चालणं मात्र असं की बरोबरीने चालणाऱ्याला धाप लागावी.

त्या जन्मल्या होत्या म्हणे कातळासाठी! माझ्या सासूबाई सांगायच्या, ही पोर लहानपणी माळ्याची शिडी चढायला घाबरायची. खाली उभी राहून भोकाड पसरायची आणि धाकटा भाऊ वर जाऊन हिचा डबा काढून आणायचा. कातळाला त्यांनी पहिल्यांदा हात लावला तो अठ्ठाविशी उलटल्यावर, तोही शाळेतल्या मुलींना अंबरनाथच्या टेकडीमागच्या जुन्या दगडखाणीत सहलीला नेलं म्हणून. एका मुलीची ओढणी उडून वर अडकली. वन्सं ती काढायला चढल्या, आणि उतरताना त्यांचे पाय इतके लटपटायला लागले की मुलींनी खालून हात लावून त्यांना उतरवलं. घरी येऊन जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, "मालू, मला माझीच लाज वाटली गं." दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पुन्हा खाणीत गेल्या. तिसऱ्या दिवशीही गेल्या. त्यांची देणगी असलीच तर ती ही.

वन्संचं लग्न झालं नव्हतं. बघायला येणारे आधी उंची विचारायचे. एका घरच्यांनी तर त्यांना चक्क दाराच्या चौकटीला टेकून उभं केलं आणि मुलाच्या आत्याने वर बोट लावून पाहिलं. मग "कळवतो" म्हणाले आणि पोहे खाऊन गेले ते गेले. लग्नात घालायची म्हणून सासऱ्यांनी हौसेने केलेली अंगठी तेव्हापासून वन्संच्या ट्रंकेत पडून होती. त्यावर सासूबाई बोलायच्या, रडायच्या, आणि वन्सं उठून पाणी भरायला जायच्या.

आता त्या मंडळाची गोष्ट. त्याचं नाव मी लिहीत नाही, नाव घेण्याच्या लायकीचं ते नव्हतं. अंबरनाथच्या कारखान्यांतल्या बाबू लोकांनी डोंगर चढायला म्हणून ते काढलं होतं आणि त्याचे पुढारी होते जयवंत. गोरे, ताडमाड उंच, हात असे लांब की लोक त्यांना कौतुकाने आजानुबाहू म्हणायचे आणि त्यांना ते फार आवडायचं. जयवंतांनी कुठल्याशा साहेबाकडून एक शास्त्र उचललं होतं. दोन्ही हात आडवे पसरायचे, एका हाताच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंत मोजायचं. आपण तिला वाव म्हणतो, विहिरीची खोली सांगताना म्हणतो ना, तीच. ज्याची वाव त्याच्या उंचीपेक्षा जास्त, तो कातळाचा माणूस. ज्याची कमी, त्याने खाली बसून डबे सांभाळायचे. आघाडीचा दोर, म्हणजे सगळ्यांच्या पुढे चढण्याचा मान, फक्त कातळाच्या माणसाला. शाळेच्या मागच्या भिंतीवर खडूने रेघा मारून जयवंत सगळ्यांना मोजायचे. सगळ्यांत लांब वाव कोणाची? अर्थातच त्यांची स्वतःची.

वन्सं मंडळात जायला लागल्या तेव्हा त्यांनाही भिंतीला उभं केलं. मी तिथे होते. खडूची रेघ मारून जयवंत हसले. "सावेबाई, तुमची वाव उंचीपेक्षा चार बोटं कमी भरली. काय करणार, देवाच्या हातचं आहे."

वन्सं भिंतीपासून हलल्या नाहीत. मला वाटलं, आता या रडणार. एकदा असंच त्यांना चौकटीला उभं केलं होतं ना. पण त्या म्हणाल्या, "हात मोजलेत. पाय कधी मोजणार?"

"पायाचं काय?"

"चढते कशावर मी? पायांवर. हात पडू नये म्हणून असतात."

सगळे हसले. एक शहाणा म्हणाला, "बाईंची जीभ मोजा, तीच लांब भरेल." मेल्याचं नाव मला आठवत नाही, पण दात आठवतात.

त्या दिवसापासून आमच्या घरात जे सुरू झालं ते मी जन्मभर विसरणार नाही. स्वयंपाकघराच्या दाराची वरची चौकट बोटाच्या एका पेराइतकी पुढे आलेली होती. वन्सं शाळेतून आल्या की पदर खोचून त्या चौकटीला बोटांनी लोंबकळायच्या. मी आतून भाताचं पातेलं घेऊन यायची तर दारात या टांगलेल्या. "वन्सं, उतरा हो, पातेलं गरम आहे!" "थांब, थोडं राहिलंय." तोंड लालबुंद, आणि मी पातेलं घेऊन उभी. शेजारच्या काकूंनी तर हे बघून आमच्या ह्यांना बाजूला घेऊन विचारलं, बहिणीला काही बाहेरचं लागलंय का.

त्यात वन्संच्या तळहातांना घाम फुटायचा. परीक्षेत मुलांना फुटतो तसा. जयवंतांच्या शास्त्रात घामाचे हात म्हणजे आणखी एक देवाने मारलेली काट. वन्संनी काय करावं? माझ्या चुलीची राख चाळून, वस्त्रगाळ करून, एका पिशवीत भरून कमरेला बांधली. ती राख मी भांडी घासायला ठेवलेली! आमची पहिली मोठी भांडणं त्या राखेवरून झाली. मी म्हणायची, "वन्सं, तुमच्या डोंगरापायी माझी कढई काळी राहते." त्या म्हणायच्या, "माती घे की, मातीनेही निघते." "तुम्हीच लावा मग माती हाताला!" असं आमचं दोन दोन दिवस अबोल्यावर जायचं. हे मी मुद्दाम सांगतेय. नणंद आणि भावजय होतो आम्ही, मायलेकी नव्हतो.

बोलणं त्यांचं थोडं आणि एकाच गोष्टीवर. "पाय आधी, हात मागून," हे दिवसातून कितीदा. नळावर पाणी भरताना कळशी नुसत्या बोटांच्या टोकांनी उचलायच्या. खिशात नेहमी शेंगदाणे. खिशात म्हणजे, साडीत डोंगर चढता येईना म्हणून आमच्या ह्यांचा जुना लेंगा घोट्याला सुतळी बांधून घालायच्या, त्याच्या खिशात. उल्हासनगरच्या बाजारात लष्कराने काढून टाकलेला डिस्पोजलचा माल विकणारे एक सिंधी दादा होते, त्यांच्याकडे दोर होता. मी बरोबर गेले होते. दादांनी दोर पायाखाली घालून ओढून दाखवला. "अदी, ये मिलिट्री का माल है. हाथी लटकाओ." सिंधीत बहिणीला अदी म्हणतात. वन्संनी तो दोर दुकानातच हात हात उलगडून पाहिला, टोकाजवळ एका ठिकाणी वास घेतला आणि म्हणाल्या, "दादा, इथे भिजून कुजलाय. एवढा तुकडा कापा." दादा वैतागले, पण कापला. वर म्हणाले, "मेरी लड़की तुम्हारे स्कूल में है ना, सुंदरी? घर में दरवाजे पे लटकती है सारा दिन. तुमने सिखाया?"

वन्संना हे ठाऊकच नव्हतं! आम्ही परत येताना बराकींमधून आलो, तर खरंच की हो. एका दारात एक मुलगी लोंबकळतेय, पुढच्या दारात दोघी, खाली आज्या सिंधीत ओरडताहेत. वन्सं जागच्या जागी उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "मालू, या मुलींना मी शिकवणार. दोर, कातळ, सगळं नीट. वर्ग काढणार." त्या वेळचा त्यांचा चेहरा मी नंतर कधी पाहिला नाही, पुढे एक सुळका चढून उतरल्यावरसुद्धा नाही. बाईंना जे हवं होतं ते हे. शाली नको होत्या, नाव नको होतं. मुलींचा वर्ग हवा होता.

आणि वर्ग मागायचा तर जयवंतांकडे. शाळेच्या कमिटीवर तेच, मंडळाचे पुढारी तेच, खाणीच्या मालकाशी ओळख त्यांचीच. ते म्हणाले, "आधी तुम्ही आघाडीच्या दोरावर काही करून दाखवा, मग बघू." आणि आघाडीचा दोर तर वाव कमी म्हणून द्यायचा नाही! आता सांगा, माणसाला राग येईल की नाही?

बदलापूरच्या पलीकडे डोंगराच्या रांगेत एक सुळका आहे, त्याला खालचे लोक बाहुला म्हणायचे. त्यावर कोणी चढलं नव्हतं. जयवंतांनी तो त्या हिवाळ्यात करायचा ठरवला होता. वन्संनी आधी जाऊन पाहून यायचं ठरवलं. भातं कापून झाली होती. चामटोली गावच्या खाचरांमधून चालत आम्ही तिघं डोंगराखालच्या ठाकरवाडीत गेलो, वन्सं, हे आणि मी. वाडीतला गोमा ठाकर कड्यावरचं आग्या मोहोळ काढायचा. वरून दोराला लोंबून खाली यायचं, धूर करायचा आणि पोळं कापायचं. जयवंत नेहमी म्हणायचे, "या लोकांचं अंगच माकडासारखं, त्यांना शिकावं लागत नाही." अहो, गोमाचा थोरला भाऊ त्याच कड्यावरून पडून गेला होता. त्याला वेगळं अंग दिलं होतं का देवाने? गोमाने स्वतः सांगितलं, निघायच्या आधी त्याच्या पोटात कळा येतात, पाणीसुद्धा जात नाही.

त्या वर्षी कड्यावर मोहोळं जशीच्या तशी लटकत होती. वन्संनी विचारलं, "का रे, काढली नाहीस?"

"काळूला ताप हाय," गोमा म्हणाला. काळू म्हणजे त्याच्या बायकोचा भाऊ. "दोर त्यो धरतो."

"दुसरा कुणी धरेल की. एवढी वाडी आहे."

गोमाची बायको मंजी चुलीपाशी बसली होती, ती फणकारली. "दुसरा धरंल, पर दुसऱ्याच्या भैनीचं कुकू जानार हाय का? माज्या भावानंच धराया पायजे."

त्यांची रीतच होती ती. दोर बायकोच्या भावाने धरायचा. दोर सुटला तर त्याची बहीण विधवा व्हायची. काळूला ताप म्हणून सबंध वाडीने मधावर पाणी सोडलं होतं. घरात खायला फार होतं अशातला भाग नव्हता. तरी सोडलं.

वन्संनी चुलीत एक काटकी सारली. मग माझ्याकडे बघितलं. परत येताना खाचराच्या बांधावर थांबून म्हणाल्या, "माझा दोर तू धरायचास."

मी थबकलेच. "मी? वन्सं, मला विहिरीची बादली धड ओढता येत नाही!"

हे खो खो हसायला लागले. "ताई, अगं काल राखेवरून तुम्ही दोघी बोलत नव्हता! आणि ही तुझा दोर धरणार?"

"म्हणूनच हिने धरायचा," वन्सं म्हणाल्या. "तुझ्या हातून सुटला तर लोक म्हणतील, बिचारा भाऊ. जयवंतांच्या हातून सुटला तर म्हणतील, अपघात. हिच्या हातून सुटला तर सगळं अंबरनाथ म्हणेल, भावजयीने सोडला. जन्मभर म्हणेल. ही मेली तरी सोडणार नाही."

मला इतका राग आला की मी घरापर्यंत एक शब्द बोलले नाही. पण खरं होतं ते. अगदी खरं.

मग माझी शिकवणी सुरू झाली. खाणीत एका कातळाच्या टोकावर त्या उभ्या राहायच्या, मी खाली झाडाला पाठ टेकून, वरच्या कातळाला वळसा देऊन आलेला दोर कमरेमागून घेऊन, कासोटा घट्ट मारून. आणि त्या न सांगता उडी टाकायच्या. मला धरायला शिकवायला त्या मुद्दाम पडायच्या हो! पहिल्या वेळी मी किंचाळून दोर सोडला. त्या गवतात आपटल्या, उठल्या, लेंगा झटकला आणि म्हणाल्या, "ओरड, पण सोडू नको. दोन्ही एकदम करायची गरज नाही." संक्रांतीपर्यंत मी ओरडायचीही थांबले.

बाहुल्याच्या दिवशी मंडळाची माणसं होती, गोमा आणि मंजी बघायला आले होते. आघाडीला अर्थातच जयवंत. खालचा भाग ते भराभर चढले, खोटं कशाला बोलू, लांब हातांचा उपयोग झाला. मग मध्यावर कातळ पोटासारखा पुढे येतो, तिथे पोहोचले. त्याच्या खाली त्यांनी एक लोखंडी मेख ठोकली, दोर तिच्यातून घेतला. वरची कपार त्यांच्या हाताला लागली. हात लागला हो, पण पाय ठेवायला जागा सापडेना. हातांवर लोंबकळत राहिले, दोन्ही पाय हवेत सायकल मारताहेत. हात भरून आले आणि खाली उतरले ते पांढरेफटक. "कातळ कुजका आहे," म्हणाले. "चढण्यासारखा नाही."

"मी बघते," वन्सं म्हणाल्या.

जयवंत दमले होते म्हणून असेल, नाही म्हणाले नाहीत. "मी दोर धरतो," म्हणाले.

"नको. माझा दोर माझी भावजय धरेल."

सगळी माणसं हसली. तो दातवाला म्हणाला, "मग तेराव्याच्या जेवणाला कधी यायचं?" एकटी मंजी हसली नाही. ती येऊन माझ्या शेजारी बसली आणि माझ्या पाठीमागे दगड सारून दिला, टेकायला.

वन्सं मेखेपर्यंत गेल्या. जयवंतांचा हात जिथे पोहोचला होता तिथे यांचा पोहोचेना. चार बोटं कमी! अगदी तीच चार बोटं, भिंतीवरच्या खडूची. एका क्षणी माझ्याही मनात आलं, जयवंतांचं खरंच आहे की काय. वन्संनी हात काढला, राखेच्या पिशवीत घातला, पुसला. मग उजवा पाय उचलला तो जवळजवळ कमरेपर्यंत, एका खोबणीत अंगठा रोवला आणि त्या एका पायावर उभं राहायला लागल्या. पाय सुटला.

दोर माझ्या तळहातातून सणसणत गेला. आग झाली, कातडं गेलं, ते मला नंतर दिसलं. मी सोडला नाही. दोर गच्चकन ताणला गेला, मी दगडावर आपटले, मंजीने माझ्या खांद्याला मिठी मारली. वर मेखेखाली वन्सं लोंबत होत्या. मग वरून आवाज आला, "मालू, धरलंस ना?"

"धरलंय!"

"मग परत जाते."

आणि त्या परत गेल्या. तोच पाय, तीच खोबणी. या वेळी उभ्या राहिल्या. हात कपारीवर पडला, बोटं भेगेत गेली, आणि त्या पोटाआड दिसेनाशा झाल्या. माझ्या हातातून रक्त गळत होतं आणि मी नुसता दोर सोडत होते, सोडत होते. माथ्यावरून त्यांनी ओरडून काही सांगितलं नाही, हात हलवला नाही. गोमाने डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि म्हणाला, "बाय शेंगदानं खातीय."

यानंतर खरं तर सगळं सोपं व्हायला हवं होतं. अंबरनाथला सत्कार झाला. हार पहिला जयवंतांना, ते मोहिमेचे पुढारी म्हणून. मग त्यांचं भाषण. म्हणाले, "सावेबाईंनी आम्हाला नवीन ज्ञान दिलं. आडव्या फुगलेल्या कातळावर उंच पुरुषाला अडचण होते. स्त्रीचं अंग निसर्गतःच हलकं, बोटं बारीक, भेगेत सहज जाणारी. ही निसर्गाची देणगी आहे. बाईंनी काही केलं नाही, निसर्गाने करून घेतलं." टाळ्या! मी खुर्चीत बसले होते, तळहाताला फडकं बांधलेलं, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. काल अंग आखूड म्हणून चढता येणार नव्हतं, आणि आज अंग आखूड म्हणूनच चढता आलं! म्हणजे काहीही झालं तरी बाईंचं काही नाही. चौकटीला ते रोज टांगून घेणं, खाणीत गवतात आपटणं, ते कोणी केलं मग? निसर्गाने?

वन्सं उठल्या. आभार मानले आणि सरळ मुद्द्यावर आल्या. "मला दर रविवारी खाण आणि मंडळाचा एक दोर हवा आहे. शाळेतल्या मुलींना शिकवायचं आहे."

जयवंत गोड हसले. "बाई, आत्ताच मी काय सांगितलं? तुमचं अंगच तसं आहे. ते शिकवणार कसं? ज्यांना देवाने दिलं नाही त्या पोरी हातपाय मोडून घेतील. जबाबदारी कोणाची?"

"मी आधी पडायलाच शिकवते," वन्सं म्हणाल्या. "विचारा माझ्या भावजयीला."

मी फडकं बांधलेला हात वर केला. कोणी माझ्याकडे बघितलं नाही. सभा पुढे गेली. चहा आला.

शाळेच्या कमिटीनेही तेच धरलं. वर बराकींत पोरी दारांना लोंबकळतात याचा ठपका वन्संवर ठेवला. दोरवाले दादा सुंदरीला घेऊन कमिटीसमोर जाऊन उभे राहिले, "मैं बाप हूँ, मेरी हाँ है," म्हणाले. त्यांना सांगितलं, हा तुमचा विषय नाही. बघा ना, नुसतं कौतुक करून माणसाला कसं संपवता येतं. चढता येत नाही म्हणाले असते तर वन्संनी पुन्हा चढून दाखवलं असतं. पण जन्मतःच येतं म्हटल्यावर काय दाखवणार? आणि शिकवण्यासारखं काही नाहीच म्हटल्यावर वर्ग कशाला हवा?

त्या वर्षभर भांडल्या. मग नाशिकच्या बाजूला एका मुलींच्या शाळेत जागा निघाली. तिथल्या मुख्याध्यापिकेने एकच विचारलं, "जवळ कातळ आहे, चालेल ना?" वन्सं गेल्या. तिथे त्यांनी वर्ग काढला आणि शेवटपर्यंत चालवला. उंच, बुटक्या, जाड, बारीक, जी येईल तिला घेतलं, भिंतीला कुणालाही उभं केलं नाही. आणि दोर धरायचा तो वर्गात जिच्याशी भांडण असेल तिने, हा तिथला नियम होता. हे सगळं मला पत्रांतून आणि नंतर त्या मुलींच्या तोंडून कळलं. त्या नाशिककडे वारल्या. पण मला त्या दिसतात त्या इथून निघाल्या त्या दिवशीच्या.

सकाळी टांगा दाराशी आला होता. हे ट्रंक चढवत होते. वन्सं चांगलं लुगडं नेसून, पदर घेऊन, स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि हातातली अंगठी माझ्यापुढे धरली. तीच, सासऱ्यांनी केलेली.

"घे. मला होत नाही."

"काहीतरीच काय! तुमच्या मापाची आहे ती."

"होती. अठराव्या वर्षी होती." त्यांनी बोटात घालून दाखवली. अंगठी पहिल्या पेरावर गेली आणि सांध्यापाशी अडली. त्यांनी दाबली, फिरवली, जाईना. पहिल्यांदाच मी त्यांची बोटं नीट बघितली. सांधे सुपारीएवढे सुजलेले, टोकं जाड, चपटी, कातडं टाचेसारखं. सगळ्या गावाने ज्या बारीक बोटांना टाळ्या वाजवल्या होत्या ती ही बोटं. त्या हॉलमध्ये एवढी माणसं होती, एकानेही ती बघितली नव्हती.

वन्संनी माझा हात ओढला, तळहातावरचा दोराचा वण एकदा अंगठ्याने दाबून पाहिला आणि अंगठी माझ्या बोटात घातली. ती सरळ तळापर्यंत गेली आणि सैल फिरायला लागली.

"हे बघ," त्या हसत म्हणाल्या. "बारीक बोटं तर तुझी आहेत, मालू."

मी जन्मात कधी कातळ चढले नाही. जिना चढतानाही मी देवाचं नाव घेते. मला हसूही आलं आणि रडूही आलं, आणि मी म्हणाले, "राख भरून दिलीय बरं ट्रंकेत. चांगली चाळलेली आहे."

"भांडी कशाने घासशील?"

"मातीने."

त्यांनी मान हलवली. जाता जाता सवयीने हात वर गेले, चौकटीला बोटं लागली, आणि त्या नव्या लुगड्यात, चपला घालून, क्षणभर तशाच टांगून राहिल्या. टांगेवाला बिडी हातात धरून बघतच राहिला. मग त्या उतरल्या, पदर सारखा केला आणि टांग्यात जाऊन बसल्या. मी अंगठीला दोरा गुंडाळून ती घट्ट केली. अजून तशीच घालते.